“एक सुई मारून द्या ना जी”: गडचिरोली-चंद्रपुरात स्टेरॉइड कुणी, कुणाला आणि काय सांगून द्यायचं?

रोवणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. जुलै-ऑगस्टमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात बाया सकाळीच चिखलात उतरतात आणि संध्याकाळपर्यंत कंबरेतून वाकून पऱ्हे लावत असतात. चार दिवसांनी कंबर बोलायला लागते आणि आठव्या दिवशी उठवत नाही. पण रोवणी थांबत नाही, कारण मजुरीचे हेच दिवस असतात.

मग संध्याकाळी गावातल्या किंवा बाजाराच्या गावातल्या ‘डॉक्टर’कडे जायचं आणि म्हणायचं, “एक सुई मारून द्या ना जी.”

सुई मिळते, दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा बांधीत असते. तिच्या दृष्टीने डॉक्टर चांगला, कारण गुण लगेच आला.

त्या सुईत काय होतं, हे तिला माहीत नसतं. अनेकदा त्यात एक वेदनाशामक असतं आणि सोबत डेक्सामेथासोन. म्हणजे स्टेरॉइड.

आता हे वाचून ‘स्टेरॉइड म्हणजे विष’ असा स्टेटस टाकायला जाऊ नका. कारण याच दोन जिल्ह्यांत याच औषधाने हजारो माणसांचे हात-पाय वाचवलेले आहेत. गोष्ट गुंतागुंतीची आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

आधी हे कळू द्या: हे जिमवालं स्टेरॉइड नाही

जिममध्ये दंड फुगवायला घेतात ती ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स. त्यांचा इथे संबंध नाही. आपण बोलतोय ते कॉर्टिकोस्टेरॉइडबद्दल: प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन, मिथाइलप्रेडनिसोलोन ही त्या घराण्यातली नावं. चिठ्ठीवर किंवा पाकिटावर शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोलोन’ दिसलं की कान टवकारायला हरकत नाही.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात. त्या रोज कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक तयार करतात. रक्तदाब, साखर, ताणाच्या वेळी शरीराने दम धरणं हे सगळं त्यावर चालतं. ही औषधं म्हणजे त्याच कॉर्टिसोलचे बाहेर बनवलेले, बरेचदा कितीतरी पट ताकदवान भाऊबंद.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला असं संप्रेरक टोचलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण पेशंट चालायला लागतो ते पहिलं पान. चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं ही पुढची पानं पुढच्या काही वर्षांतच उघडली.

स्टेरॉइड सूज दाबतं, वेदना दाबतं, ताप दाबतं. कारण मात्र बहुतेक वेळा तसंच राहतं. घराला आग लागल्यावर गाव ओरडतं. या औषधाने ओरडा थांबतो. काही आजारांत तो ओरडाच जीवघेणा असतो, तिथे हे औषध वाचवतं. बाकी ठिकाणी आग शांतपणे पसरत जाते.

एक हिशेब करून बघा. शरीर एका दिवसात जेवढं कॉर्टिसोल बनवतं त्याची ताकद साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या गोळीएवढी. डेक्सामेथासोनच्या नेहमीच्या छोट्या बाटलीत ८ मिलिग्रॅम औषध असतं आणि त्याची ताकद प्रेडनिसोलोनच्या ५० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे रोवणीतली ती एक सुई शरीराच्या सुमारे १० दिवसांच्या कोट्याएवढी. एकदा घेतली तर बहुतेकांचं काही बिघडत नाही, हेही खरं. पण रोवणीत दोन, कापणीत दोन, तेंदूपत्त्याच्या हंगामात दोन आणि मध्ये सर्दी-तापासाठी आणखी चार? मोजणारं कुणीच नसतं.

आनंदवनच्या जिल्ह्यात स्टेरॉइडला शिव्या देता येत नाहीत

वरोऱ्याजवळ बाबा आमटेंनी उभं केलेलं आनंदवन आपल्याला माहीत आहे. महारोगी सेवा समिती १९४९ ची. चंद्रपूर आणि गडचिरोली हे आजही राज्यातले कुष्ठरोगाचा जास्त भार असलेले जिल्हे आहेत.

कुष्ठरोगाचे जंतू मारणारी बहुविध औषधोपचार पद्धती १९८० च्या दशकात आली आणि आजार बरा व्हायला लागला. पण एक अडचण उरली. जंतू मरत असताना, कधी कधी औषध पूर्ण झाल्यावरही, शरीराची प्रतिकारशक्ती एकदम भडकते. चट्टे लाल होतात, नसा सुजतात. याला रिॲक्शन म्हणतात. नस सुजली की काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच, हाताची बोटं वाकडी होतात, पाऊल लोंबतं, पापणी मिटत नाही. आपण ‘कुष्ठरोग्याचा हात’ म्हणून जे बघतो, त्याचं मोठं कारण जंतूंपेक्षा ही रिॲक्शन असते.

इथे प्रेडनिसोलोन लागतंच. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमाची नेहमीची पद्धत अशी: मोठ्या माणसाला रोज ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग दर पंधरवड्याला मात्रा कमी करत १२ आठवडे. वेळेत दिलं तर हात वाचतो. पेशंटला मधुमेह होईल या भीतीने डॉक्टरने हे औषध टाळलं, तर ते टाळणंच अनैतिक ठरेल.

मला इथे महत्त्वाचा वाटतो तो ‘कमी करत’ हा शब्द. पेशंटला दर दोन आठवड्यांनी कुणीतरी भेटतं, नसा दाबून बघतं, हाताची ताकद तपासतं, साखर बघतं. औषध दिलं आणि विषय संपला, असं नाही.

आणि तरीही इथेसुद्धा घसरायला होतं. रिॲक्शनचा एक प्रकार (वैद्यकीय नाव ईएनएल) महिनोन् महिने परत परत येतो. पेशंटला कळून चुकतं की गोळी घेतली की गाठी आणि ताप जातो. मग जुनी चिठ्ठी दाखवून, कधी न दाखवताच, तो मेडिकलमधून गोळ्या आणत राहतो. वर्षा-दोन वर्षांनी मोतीबिंदू, मधुमेह, ठिसूळ हाडं. कुष्ठरोग बरा झालेला माणूस औषधाचा पेशंट होतो.

तापाची सुई आणि जंगलातला ताप

गडचिरोलीत ताप म्हटलं की पहिली शंका मलेरियाची, त्यातही मेंदूवर जाणाऱ्या फॅल्सिपेरमची. राज्यातल्या मलेरियाचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षं याच जिल्ह्यातून येतो.

मेंदूचा मलेरिया म्हणजे मेंदूला सूज, आणि सूज म्हणजे स्टेरॉइड, असं सरळ गणित डॉक्टर एकेकाळी मांडत. १९८२ मध्ये डेव्हिड वॉरेल आणि सहकाऱ्यांनी थायलंडमधल्या १०० रुग्णांवर ते तपासून बघितलं. डेक्सामेथासोन दिलेले रुग्ण जास्त वेळ बेशुद्ध राहिले आणि त्यांना न्यूमोनिया, पोटातला रक्तस्राव असे त्रासही जास्त झाले. ते गणित तिथेच मोडलं.

तरी ताप आला की सुईत स्टेरॉइड मिसळायची सवय गेली नाही. याचा सगळ्यात मोठा तोटा म्हणजे ताप उतरतो. घरचे म्हणतात बरं वाटतंय. आशाताईकडे रक्त तपासायचं किट असतं, बोटातून एक थेंब रक्त आणि काही मिनिटांत निकाल, पण तिच्याकडे जायचं राहून जातं. दोन दिवसांनी तोच माणूस बेशुद्ध अवस्थेत आणला जातो. क्षयरोगाचंही असंच होतं: खोकला-ताप दबतो, वजन घटत राहतं, निदान लांबतं. (क्षयाने मेंदूच्या आवरणाला सूज आली तर मात्र क्षयाच्या औषधांबरोबर हेच डेक्सामेथासोन जीव वाचवतं. म्हणूनच म्हटलं, गोष्ट गुंतागुंतीची आहे.)

सिकलसेलबद्दल तर वेगळा लेख लिहायला हवा. पूर्व विदर्भात हा आजार आदिवासी आणि इतर अनेक समाजांत आढळतो. अचानक उठणाऱ्या हाडांच्या दुखण्यात पेशंट अक्षरशः लोळत असतो. स्टेरॉइडने ते दुखणं लवकर थांबतं का, हे १९९४ मध्ये मुलांवर तपासलं गेलं. थांबलं, पण औषध बंद केल्यावर परत उसळण्याचं प्रमाण जास्त होतं. त्यात सिकलसेलमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते सडण्याचा धोका मुळातच असतो, आणि स्टेरॉइडनेही नेमका तोच धोका वाढतो. विशीतल्या पोराचा खुबा गेला तर सिकलसेलने गेला की सुयांनी, हे नंतर कुणी सांगू शकत नाही. सुई मारणाऱ्याला हे सोयीचंच असतं.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक बारीक कृमी ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीवाटे शरीरात शिरतो आणि आतड्यात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. प्रतिकारशक्ती दाबली की तो अंगभर पसरतो आणि माणूस दगावू शकतो. धानाच्या बांधीत कोण अनवाणी उतरतं, हे सांगायची गरज नाही.

भामरागड, पाऊस आणि सातवा महिना

आता सगळ्यात अवघड प्रश्न. यात कुणी बोगस डॉक्टर नाही, कुणाची लबाडी नाही. सगळ्यांचे हेतू चांगले आहेत.

दिवस पुरे होण्याआधी बाळंतपण होणार असेल, तर आईला स्टेरॉइडची सुई देतात. ती वारेतून बाळापर्यंत जाते आणि बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये हे दाखवलं. औषध स्वस्त, द्यायला सोपं. मग ते गावोगावी का नाही द्यायचं?

२०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या: २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान कळा सुरू झाल्या तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने चार वेळा, आणि एएनएम सिस्टरनेही पहिला डोस देऊन मगच पुढे पाठवावं.

त्याच सुमारास एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. सहा देशांतल्या ग्रामीण भागांत, जवळपास एक लाख बाळंतपणांत ती झाली होती. भारतातली दोन ठिकाणं होती बेळगाव आणि आपलं नागपूर. गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांना शिकवून स्टेरॉइडचा वापर वाढवला गेला. अपेक्षा होती की लहान बाळं वाचतील.

तसं झालं नाही. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. सगळी बाळं मिळून बघितली तर जिथे स्टेरॉइडचा वापर वाढवला तिथे दर हजारी मृत्यू २७.४ आणि जिथे नेहमीचंच चाललं होतं तिथे २३.९. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त आढळली.

का झालं असावं? एक कारण समोर दिसतं. गावात सोनोग्राफी नाही, पाळीची तारीख नक्की आठवत नाही, त्यामुळे कितवा आठवडा हे अंदाजाने ठरलं. सुई मिळालेल्या बहुतेक बायांची बाळं लहान नव्हतीच, म्हणजे गरज नसताना औषध गेलं. आणि ज्यांची खरंच लहान होती, त्यांना जन्मल्यावर ऊब, ऑक्सिजन, संसर्गावर उपचार देणारी जागा जवळ नव्हती.

मग २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची दुसरी चाचणी आली. भारतासह पाच देश, २९ रुग्णालयं, २,८५२ महिला. इथे सोनोग्राफीने आठवडे मोजले, बाळांची काळजी घेणारे कक्ष होते. स्टेरॉइड दिलेल्या गटात २८ दिवसांच्या आत १९.६ टक्के बाळं दगावली, न दिलेल्यात २३.५ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

औषध तेच, मात्रा तीच. फरक पडला तो आजूबाजूच्या व्यवस्थेने.

हे घेऊन आता भामरागडला या. पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो, दर पावसाळ्यात बातमी येते. जिल्ह्याचं ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. एखाद्या उपकेंद्रात सातव्या महिन्यातली बाई कळा घेऊन आली आहे, पूल पाण्याखाली आहे. सिस्टरने सुई द्यायची?

माझं मत विचाराल तर: आठवडे नक्की माहीत असतील, ताप-संसर्ग नसेल आणि बाळंतपणाआधी नवजात कक्षापर्यंत पोचायची खरी शक्यता असेल, तर द्यायची. यातलं एकही नसेल तर सुई म्हणजे आपण काहीतरी केलं एवढंच समाधान. म्हणूनच पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी आणि पावसाआधी बाईला दवाखान्याजवळच्या ‘माहेरघरा’त आणून ठेवणं, हे मला स्टेरॉइडच्या चर्चेचाच भाग वाटतं. आठवडे न मोजता सुई पुरवणाऱ्या सरकारने नैतिकतेचं अर्धंच काम केलेलं असतं.

“पण गावात डॉक्टरच नाही, मग देणार कोण?”

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच घेतो.

कायदा काय म्हणतो? डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही शेड्यूल एच औषधं. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पदवी-नोंदणी नसताना आधुनिक वैद्यकाची प्रॅक्टिस करणाऱ्याला राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. होमिओपॅथीची पदवी आणि ॲलोपॅथीची औषधं, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईतल्या पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या प्रकरणात सांगितलं होतं की ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यातलं औषध देणं हाच निष्काळजीपणा. महाराष्ट्रात पुढे आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी वेगळे नियम, वेगळे कोर्स आले. त्यावर आजही भांडण चालू आहे, त्यात आज शिरत नाही. गडचिरोलीच्या दुर्गम भागात भरारी पथकाची गाडी घेऊन फिरणारे अनेक डॉक्टर आयुर्वेदाचे पदवीधर आहेत आणि ते नसते तर तिथे कुणीच नसतं, एवढंच नोंदवतो. गडचिरोलीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं. जिल्हा झाला होता १९८२ मध्ये.

पण कमी शिकलेल्या माणसाच्या हातात सुई म्हणजे धोकाच, असं सरसकट म्हणायला गडचिरोलीच परवानगी देत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने इथल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी शिकवली. जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तेव्हा वैद्यकीय जगातल्या बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या होत्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. देशभरात आज आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देतात, त्या कार्यक्रमाची मुळं या कामात आहेत.

मग ती आरोग्यदूत बाई आणि रोवणीत सुई मारणारा ‘डॉक्टर’ यांच्यात फरक काय? पदवी दोघांकडेही नाही. तिला एकच औषध ठराविक लक्षणांसाठी द्यायची मुभा होती, तिने दिलेल्या प्रत्येक सुईची नोंद व्हायची, वरून तपासणी व्हायची, बाळ दगावलं तर का दगावलं हे शोधलं जायचं. आणि सुईमागे तिला पेशंटकडून पैसे मिळत नव्हते. त्याच्याकडे यातलं काहीच नाही. वर सुईचं नाव सांगितलं तर उद्या पेशंट मेडिकलमधूनच आणेल, ही भीती.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सरकारी डॉक्टरचीही बाजू बघा. ओपीडीत लांबच लांब रांग, समोरची बाई म्हणते सुई द्या. तो म्हणतो कंबरेला विश्रांती द्या. रोवणीत विश्रांती! ती उठते आणि समोरच्या गल्लीत जाते, आणि गावात बोलबाला होतो की सरकारी डॉक्टरला काही येत नाही. त्याने नकार दिला हे बरोबरच. पण फक्त नकार देऊन तो सुटत नाही. साधी वेदनाशामक गोळी, व्यायाम, कंबरेच्या दुखण्यामागे दुसरं काही आहे का याची तपासणी, हे सगळं द्यायला त्याच्याकडे वेळ हवा.

काय टोचलं, हे सांगायचं की नाही?

भारतातला या विषयावरचा सगळ्यात गाजलेला खटला मुंबईत संपलेल्या एका आयुष्याचा आहे. १९९८ मध्ये अमेरिकेहून कोलकात्याला आलेल्या अनुराधा साहा यांच्या अंगावर पुरळ उठलं. त्यांना डेपोमेड्रॉल हे हळूहळू, बरेच दिवस काम करत राहणारं स्टेरॉइड ८० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असं लिहून दिलं गेलं. असं औषध आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने द्यायचं असतं. त्वचा सोलून निघण्याचा दुर्मीळ आजार बळावला, त्यांना विमानाने मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात आणलं, आणि २८ मे १९९८ रोजी त्या गेल्या. त्यांचे पती डॉ. कुणाल साहा पंधरा वर्षं लढले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणा झाल्याचं मान्य केलं आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपये भरपाई, वर व्याज, असा निकाल दिला.

कुणाल साहा स्वतः डॉक्टर होते. कागद मागायचे, वाचायचे आणि त्यातली चूक शोधायची हे त्यांना जमत होतं. एटापल्लीतल्या बाईकडे कागदच नसतो. वहीच्या फाडलेल्या पानात गुंडाळलेल्या तीन सुट्या गोळ्या, एक लाल, दोन पांढऱ्या. खटला कशावर करणार?

२००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संमती म्हणजे काय हे सांगितलं: उपचार काय, कशासाठी, फायदा-धोका काय, दुसरा पर्याय काय आणि न घेतल्यास काय होईल, हे पेशंटला पुरेसं कळलेलं असलं पाहिजे. प्रकरण शस्त्रक्रियेचं होतं, पण तीन महिन्यांच्या स्टेरॉइडला हे लागू नसावं असं कोण म्हणेल?

काही चांगले डॉक्टरही सांगतात की ‘स्टेरॉइड’ शब्द उच्चारला तर पेशंट घाबरतो, औषध मध्येच सोडतो, म्हणून नाव घेत नाही. मला हे पटत नाही. नाव न सांगितलेलं औषध पेशंट आणखी सहज सोडतो. आणि हे औषध अचानक सोडणं हाच तर धोका आहे.

शिवाय सांगायचं कुठल्या भाषेत? भामरागडला माडिया, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याच्या गावांत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. डॉक्टर नागपूर-पुण्याकडून आलेला. दोघांच्या मध्ये उभी असते आशाताई, आणि ‘मात्रा हळूहळू कमी करायची’ हे वाक्य तिच्या तोंडून नीट गेलं की नाही यावर पेशंटचा जीव असतो.

कोविड आणि क्रीम

हे दोन्ही तुम्ही इतकं वाचलंय की थोडक्यात. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. त्याच चाचणीने हेही दाखवलं की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही. आपण पहिलं वाक्य फॉरवर्ड केलं. २०२१ च्या लाटेत घरी बसलेल्या, ऑक्सिजन नीट असलेल्या लोकांनी व्हॉट्सॲपवरच्या चिठ्ठीवरून गोळ्या खाल्ल्या. २८ जून २०२१ पर्यंत देशात काळ्या बुरशीचे ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले, त्यातल्या ६४ टक्क्यांना मधुमेह होता.

क्रीमचं म्हणाल तर गजकर्णावर लावायच्या तीन-चार औषधांच्या मिश्र ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत जाते, बुरशी पसरते. गोरं व्हायला तोंडावर लावणाऱ्यांचं वेगळंच: कातडी पातळ, लालबुंद, गालांवर लव. २०११ मधल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड लावत होते. मार्च २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये जाऊन ती बंदी चालते का बघा आणि आम्हाला सांगा.

घरात कुणी घेत असेल तर

माझ्या आजीची गोष्ट सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी ती गुडघ्यांसाठी एक ‘ताकदीची पुडी’ घ्यायची. जडीबुटीची आहे असं सांगून दर बाजाराला मिळायची. दोनेक वर्षांत तिचा चेहरा गोल, भरलेला झाला. आम्ही सगळे म्हणायचो, आजी आता तब्येतीने चांगली दिसते. फोटोही काढायचो. नागपूरला मोतीबिंदू दाखवायला नेलं तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरने तिच्याकडे बघितलं, दंडावरचे निळे डाग बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, “आजी, पुडी कधीपासून?”

तेव्हा आम्ही करणार होतो ती चूक तुम्ही करू नका. घाबरून पुडी त्याच दिवशी फेकून द्यायची नाही. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त स्टेरॉइड घेतलं असेल तर शरीराच्या ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. बाहेरचा पुरवठा अचानक थांबला आणि त्यात ताप किंवा जुलाब झाले, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. डॉक्टरला आधी खरं सांगायचं, पुडी-गोळी-रिकामी बाटली सोबत न्यायची, आणि कमी कशी करायची ते त्यांनी ठरवायचं. दुसऱ्या कुठल्याही कारणाने दवाखान्यात गेलात, ऑपरेशन असेल, तरी ‘हे औषध घेत होतो’ हे सांगायचं.

सुई घेण्याआधी “यात काय आहे, लिहून द्या” म्हणा. दवाखान्यात भरती असाल तर तुमचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला डॉक्टर बांधील आहेत, २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत तसं लिहिलंय. साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. आणि ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ पुडीने सांधेदुखी एका रात्रीत गेली तर आनंद व्हायच्या आधी शंका येऊ द्या.

आजीला नागपूरच्या डॉक्टरांनी पुडीच्या जागी मोजलेली गोळी दिली आणि ती दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी केली. सात महिने लागले. या काळात तिचे गुडघे पुन्हा दुखायला लागले आणि ती रोज आम्हाला ऐकवायची की पुडीवाला बरा होता.